भाजलेलं मीठ

माझ्या थोरल्या लेकीला, सुरेखाला, जुळे मुलगे झाले त्या वर्षी डॉक्टर चाफळकरांच्या चकत्या फुटायला लागल्या. पहिली फुटली ती मी लॅबमध्ये पेढे वाटले त्याच दिवशी.

"एकदम दोन? पाळणे दोन लागणार म्हणजे," साहेब म्हणाले. पेढा तोंडात आणि डोळे मशीनच्या काट्यावर. "निलोफर, लाव चकती."

निलोफर मुजावर मिरजेची मुलगी. साहेबांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. तिनं चिमट्यानं चकती उचलून मशीनच्या दोन जबड्यांमध्ये ठेवली. रुपयाएवढी रुंद, बोटाच्या पेराएवढी जाड, राखाडी रंगाची, आणि पावाच्या तुकड्यासारखी आतून भोकंच भोकं. मशीननं वरून दाबलं की ती चपटी व्हायची. काढून गरम पाण्यात टाकली की आपणहून फुगून पहिल्या उंचीवर यायची. निकेल आणि टिटॅनियम असे दोन धातू त्यात असत. माझा नवरा केरबा त्याला डूख धरणारा धातू म्हणायचा. कितीही दाबा, म्हणायचा, जरा ऊब लागली की उठून बसतो. मोडलेल्या हाडाच्या जागी अशी चकती बसवायची, भोकांमधून हाड वाढून येतं, असं साहेबांचं चाललं होतं.

मशीन खाली आलं. कट्‌ असा आवाज झाला आणि चकतीचे बिस्किटासारखे चार तुकडे पडले.

साहेबांचं चावणं थांबलं. "दुसरी लाव."

दुसरी तशीच गेली. तिसरीचा चुरा झाला.

"मीठ कसं वाळवलंत, हौसाबाई?"

"कागदावर लिवलंय तसं. एकशेदहा डिग्री, चार तास."

"मोजून?"

"घड्याळ लावून, साहेब."

कागद त्यांचाच होता. मग ते निलोफरवर उलटले. "भुकटी उघडी राहिली असणार. तुझं लक्ष कुठं असतं?" ती मान खाली घालून तुकडे गोळा करत होती. मी पेढ्याचा पुडा बांधला आणि मिठाच्या चाळण्या धुवायला गेले. मला सगळं ठाऊक होतं.

ही मिठाची भानगड काय ते सांगते. दोन धातूंची भुकटी एकत्र करायची, त्यात खडेमीठ मिसळायचं आणि चकती दाबून काढायची. मग हवा काढून टाकलेल्या भट्टीत ती तापवायची. भुकटीचे कण एकमेकांना धरतात, मीठ वितळून, धुऊन निघून जातं आणि मिठाच्या खड्याएवढं भोक मागं राहतं. म्हणून मीठ चाळून सारख्या खड्याचं घ्यायचं आणि कोरडं ठणठणीत करायचं. पाण्याचा अंश राहिला तर भट्टीत तो धातूला लागतो आणि चकती ठिसूळ होते.

खड्याच्या पोटात पाणी असतं आणि ते नुसतं वाळवून जात नाही. हे केरबाला कळलं आमच्या चुलीपुढं. सासूबाईंचे गुडघे शेकायला मी तव्यावर मीठ भाजत होते, आणि तो शेजारी चहा पीत बसला होता.

"का गं तडतडतंय?"

"कच्चं हाय म्हणून. आवाज थांबला की झालं."

तो कपबशी खाली ठेवून तव्याकडं बघत बसला. दुसऱ्या दिवसापासून लॅबच्या मागच्या व्हरांड्यात विजेची शेगडी लावून तो मीठ भाजायला लागला. तडतड थांबेपर्यंत भाजायचं, भाजताना खडे फुटतात म्हणून पुन्हा चाळायचं, आणि कोमट असतानाच वापरायचं. चकत्या एकदम सुधारल्या. साहेबांनी कधी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. कागदावर एकशेदहा डिग्री, चार तास, तेच राहिलं.

तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं, आणि पाच वर्षं मीही तशीच भाजत आले. पेढे वाटायच्या आधी पंधरा दिवस मी ते बंद केलं.

त्याचं कारण असं. केरबा मेला तो भुकटीच्या खोलीत लागलेल्या आगीत भाजून. टिटॅनियमची भुकटी पेटली की तिच्यावर पाणी टाकायचं नसतं. पाणी पडलं की स्फोट होतो. मीठ टाकून तिला दडपायची. त्या दिवशी पाणी पडलं. इस्पितळात केरबा नऊ दिवस होता. चौथ्या दिवशी शुद्धीवर असताना मला म्हणाला, "पाणी साहेबानं टाकलं गं. मी मीठ घ्यायला वळलो हुतो."

मी साहेबांना विचारलं होतं. ते रडले होते तेव्हा, खोटं कशाला सांगू. म्हणाले, "हौसाबाई, जे झालं ते सगळं रिपोर्टात लिहिलंय. तुम्ही अंगठा करा, मी तुमच्या नोकरीचं बघतो." मी अंगठा केला. घाबरलेल्या माणसाच्या हातून होतं असं, आणि त्यानं कबूलही केलंय, असं मी मनाशी धरून पाच वर्षं साहेबांच्या मिठाचं काम केलं.

अक्षरं मला निलोफरनं शिकवली. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी एका बाकावर बसायचो. ती माझ्या डब्यातली भाकरी घ्यायची आणि मी तिच्या वहीतली अक्षरं. दोन वर्षं लागली. मग एकदा माझ्या नोकरीच्या पुस्तकात जन्मतारीख चुकली होती, ती दुरुस्त करायला मी ऑफिसात गेले. कारकून फोनवर होता. त्यानं कपाटाकडं हात केला. "काढा तुमची फाईल तुम्हीच."

फाईलमध्ये चौकशीची मराठी प्रत होती. मी तिथंच उभ्यानं वाचली. एकेक अक्षर लावत वाचायची मी, म्हणून वेळ लागला. 'चालक केरबा दत्तू लोहार याने लेखी नियम डावलून पेटत्या भुकटीवर पाणी टाकले. दुर्घटनेस तो स्वतः जबाबदार आहे.' त्याच्याखाली साहेबांची सही होती. सहीच्या शेजारी माझा अंगठा.

दोनदा वाचलं. मग फाईल जागेवर ठेवली आणि कामाला आले. लेखी नियम डावलला म्हणे. बरं, म्हटलं. आता नियमानंच करू. एकशेदहा डिग्री, चार तास. एक मिनिट वर नाही.

जूनपासून ऑगस्टपर्यंत एक चकती धड निघाली नाही. साहेबांनी भुकटी बदलली, वायूचं नळकांडं बदललं, भट्टी उघडून बसवली. ऑगस्टच्या शेवटी दिल्लीहून समिती येणार होती, मिरजेचे हाडांचे डॉक्टर येणार होते. ह्या समितीनं होय म्हटलं तर साहेब संचालक होणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांची झोप उडाली होती. डोळे लाल, दाढी राहिलेली. मी ते रोज बघायची आणि घरी जाऊन पोटभर जेवायची.

एका दुपारी निलोफर डबा न उघडता बाकावर येऊन बसली.

"सर म्हणाले, समितीपुढं चकती फुटली तर माझं रजिस्ट्रेशन रद्द करतील. चार वर्षं गेली, मावशी. अब्बांनी शेत विकून पाठवलंय मला."

"भाकरी खा."

"नको." तिनं डबा बाजूला सारला. "मागच्या व्हरांड्यात तुम्ही मीठ भाजायचा. मला माझ्या खोलीत आवाज यायचा, तडतड, तडतड. उन्हाळ्यापासून येत नाही."

मी भाकरी मोडत राहिले.

"तुम्हाला माहीत आहे ना, चकत्या का फुटतात?"

"व्हय."

"मावशी!"

मग मी तिला फाईलमधलं सांगितलं. शब्दन्‌शब्द. पाठच झाला होता. इस्पितळात केरबा काय बोलला तेही सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू मीठ भाजलं असतंस."

"भाजलंच असतं! तुमच्या नवऱ्यावर मी पाणी टाकलं नाही, मावशी. मी तुम्हाला वाचायला शिकवलं."

ती उठून गेली. तिचा डबा बाकावरच राहिला. तो मी तसाच तिच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तिनं वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या खोलीत गेले. पोरीसाठी गेले असं म्हणायला मला आवडेल, पण तेवढंच नव्हतं. ते पुरते वाकलेत, आता मोडतील, असं मला वाटलं होतं.

"साहेब, चकत्या नीट होतील. मीठ मी भाजून देते. पण आधी तुम्ही एक कागद लिवून द्यायचा."

"कसला कागद?"

"केरबाच्या वेळी पाणी कुणी टाकलं त्याचा."

"तुम्हाला वाचता येतं?"

"येतं."

"कधीपासून?"

"तुमच्या चकत्या फुटाय लागल्या त्याच्या आधी थोडं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता कागद ओढतील. पण ते हसायला लागले. आधी हळू, मग खांदे हलेपर्यंत.

"भाजायचं! म्हणजे तेवढंच होतं? खड्यातलं पाणी! आणि मी भट्टी खोलली, भट्टी!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "हौसाबाई, मीठ भाजायला तुम्ही कशाला लागता मला?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की जे विकायला नेलं होतं ते मी दारातच सांगून बसले होते. केरबा असता तर कपाळाला हात लावला असता.

"उद्यापासून तुम्ही बागेत काम करा," साहेब म्हणाले. "मिठाला हात लावायचा नाही. आणि त्या जुन्या प्रकरणाबद्दल कुठं बोललात तर नोकरी जाईल. अंगठा तुमचाच आहे त्यावर."

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या बाजूला गुलाबाच्या आळ्यातलं गवत काढत होते. पाऊस बारीक होता. साहेब व्हरांड्यात आले. एका हातात विजेची शेगडी, दुसऱ्या हातात लोखंडी तवा. इतक्या वर्षांत त्यांनी हातात तवा धरलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी इकडंतिकडं बघितलं. समोरून कारकून आणि दोन पोरं चहाला चालली होती. डॉक्टर चाफळकर तव्यावर मीठ परततायत, हे कुणी बघावं असं त्यांना वाटेना. ते वळले आणि भुकटीच्या खोलीत शिरले. दार लोटून घेतलं.

त्या खोलीत केरबा इस्तरीसुद्धा न्यायचा नाही. शेगडीची तार लालबुंद असते आणि ती भुकटी हवेत उडणाऱ्या पिठासारखी असते. म्हणूनच तो उन्हापावसात व्हरांड्यात भाजायचा. साहेबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण लाज वाटली की माणसाला काही सुचत नाही.

मला हाक मारता आली असती. दहा पावलांवर होते मी. 'साहेब, शेगडी बाहेर घ्या,' एवढंच म्हणायचं होतं.

मी गवत काढत राहिले.

आतून तडतड ऐकू यायला लागली. मी ती ऐकत होते. अजून कच्चं, अजून कच्चं, असं मनात म्हणत होते. मग भांडं पडल्यासारखा आवाज आला, आणि दाराच्या फटीतून पांढरा उजेड आला. वेल्डिंगचा असतो तसा, डोळ्यांना टोचणारा.

मी खुरपं टाकून धावले. कशासाठी धावले ते मला तेव्हाही माहीत नव्हतं.

दार उघडलं. मधल्या टेबलावरची भुकटीची परात पेटली होती. साहेब पलीकडं, कपाट आणि भिंत यांच्या कोपऱ्यात. बाहेर यायचं तर त्या आगीला लागूनच यावं लागणार. परातीपासून वीतभर अंतरावर किलोची भुकटीची बरणी, झाकण उघडं. आणि मिठाचं पिंप दारापाशी, माझ्या हाताशी. त्यात घमेलं होतं.

"मीठ!" साहेब ओरडले. "हौसाबाई, मीठ टाका!"

मी घमेलं भरलं. भरून छातीशी धरलं आणि उंबऱ्यावर उभी राहिले.

"पाणी कुणी टाकलं हुतं, साहेब?"

"काय?"

"केरबाच्या वेळी. पाणी कुणी टाकलं?"

"वेड लागलंय का तुम्हाला? बरणी पेटेल!"

"पेटंल. मला घाई न्हाई."

मागून पायांचा आवाज आला. निलोफर. "मावशी! टाका ना! मावशी!" तिनं माझ्या हातातलं घमेलं ओढायला बघितलं. मी कोपरानं तिला मागं रेटलं. दार अरुंद होतं आणि मी लोहाराची बाई. ती काही मला हलवू शकत नव्हती.

परातीतून एक ठिणगी उडून बरणीच्या शेजारी पडली. साहेबांनी हातानं तोंड झाकलं होतं. बाही धुमसत होती.

"मी!" ते किंचाळले. "मी टाकलं! तो मीठ आणायला वळला होता, मी बादली ओतली! मी टाकलं पाणी! आता तरी टाका!"

"ऐकलंस?" मी निलोफरला विचारलं.

"ऐकलं," ती रडत म्हणाली. "ऐकलं, मावशी, टाका."

मी टाकलं. एक घमेलं, दुसरं, तिसरं. माझंच एकशेदहा डिग्रीवर वाळवलेलं मीठ ते, विस्तवावर पडून नुसतं तडतडत होतं. उजेड पांढऱ्याचा तांबडा झाला, मग विझला. खोलीभर धूर. निलोफरनं आत जाऊन शेगडीची पिन काढली आणि बरणीचं झाकण लावलं.

साहेब कपाटाला टेकून खाली बसले होते. उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता, भुवया गेल्या होत्या. ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "प्यायला पाणी द्या जरा."

मी दिलं.

दुसऱ्या दिवशी ते इस्पितळातून म्हणाले की आगीत माणूस काहीही बोलतो. पण निलोफरनं दोन पानं लिहून संचालकांना दिली होती. तिचं सगळं शिक्षण साहेबांच्या हातात होतं, तरी दिली. समिती आली ती चकत्या बघायच्या ऐवजी चौकशीलाच बसली. चार महिने चालली. त्या भुकटीच्या खोलीत शेगडी कुणी नेली हे विचारलं, आणि त्यातून मागचंही निघालं. जुन्या गड्यांनी जबान्या दिल्या. साहेबांना मुदतीआधी निवृत्त व्हावं लागलं. नवा रिपोर्ट आला तो मी टेबलाशी खुर्ची घेऊन वाचला आणि खाली सही केली.

निलोफरला दुसरे मार्गदर्शक मिळाले. तिची दोन वर्षं वाढली. तिचं मीठ मीच भाजून द्यायची, व्हरांड्यात. ती परात घ्यायला यायची, कोमट आहे का बघायची आणि जायची. बाकावर जेवायला मात्र ती पुन्हा बसली नाही. एकदाच परात हातात घेऊन थांबली.

"मावशी, सरांनी कबूल केलं नसतं तर?"

"तर काय?"

"तुम्ही मीठ टाकलं असतं का?"

तिनं मला अक्षर शिकवलं होतं. तिच्याशी खोटं बोलणं बरं दिसलं नसतं.

"न्हाई," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि परात घेऊन गेली. मिठाची परात ती तशीच दोन्ही हातांत धरून चालायची, सांडू नये म्हणून.

तिच्या चकत्या चांगल्या निघाल्या. मी मशीनपाशी उभी राहून बघितल्या. दाबल्या, चपट्या झाल्या, गरम पाण्यात उठल्या. तिच्या पीएच.डी.च्या पुस्तकाची एक प्रत तिनं पोस्टानं पाठवली. इंग्रजीत आहे. मला येत नाही.

केरबा दत्तू लोहार १३ मार्च १९९६ रोजी सकाळी साडेदहा वाजता भाजलेल्या जखमांनी इस्पितळात मेला. त्याचं वय त्रेचाळीस होतं. डॉक्टर अनंत चाफळकर ७ जानेवारी २०१४ रोजी आपल्या घरी झोपेत वारले. त्यांना सत्तरावं चालू होतं.